फवारणीचं पाप कुणाच्या खात्यात?



भाद्रपद जवळ आला की आपल्या घरांत नियमांची चर्चा सुरू होते. कुणाचं दहा दिवस एकाशन, कुणाचे उपवास, कुणी हिरवी भाजी सोडते, कुणी मीठ सोडते. पाणी दुहेरी कापडातून गाळायचं, जिवाणी सांभाळून परत विहिरीत सोडायची, सूर्य बुडायच्या आत जेवणं आटोपायची. हे सगळं आपण आवडीनं करतो आणि ते करायलाच हवं. पण त्याच दहा दिवसांत आपल्या शेतात काय चाललेलं असतं, हे आपल्यापैकी कितीजणी विचारतात?

आमचं शेत उमरीला आहे. उमरी, भोकर, नायगाव, धर्माबाद या सगळ्या पट्ट्यात खरिपाला कापूस आणि सोयाबीन, मधे तुरीची ओळ, आणि रब्बीला हरभरा नाहीतर ज्वारी, असाच सर्वसाधारण क्रम. भाद्रपदात कापसाला पाते-फुलं-बोंडं लागलेली असतात आणि सोयाबीनच्या शेंगा भरत असतात. म्हणजे दशलक्षण पर्व आणि फवारणीचा ऐन हंगाम एकाच वेळी येतो. मंदिरात उत्तम क्षमेवर प्रवचन चालू असतं आणि शेतात पाठीवरचा पंप चालू असतो. त्या पंपाचा खर्च कुणाच्या घरातून जातो, हा माझा आजचा विषय आहे.

"आमचं शेत बटईनं आहे, काय मारायचं ते बटईदार बघतो." हे वाक्य मी मंदिराच्या ओट्यावर अनेकदा ऐकलं आहे. वाक्य खरं आहे, पण अपुरं आहे. जमीन ठोक्यानं दिली तर ठरलेली रक्कम घेऊन आपण मोकळे होतो. बटईत मात्र बी, खत आणि औषध यांचा खर्च निम्मा आपला असतो आणि मालही निम्मा आपल्या घरी येतो. औषधाचं अर्धं बिल आपण भरायचं आणि पाप मात्र पूर्ण त्याच्या खात्यात टाकायचं, असा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

आपल्या धर्मात तर तो मुळीच बसत नाही. जपमाळेत 108 मणी का, हे लहानपणी पाठशाळेत आपण सगळ्याच शिकलो आहोत. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदित हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. यांचा गुणाकार 108. एवढ्या वाटांनी कर्म आत येतं. स्वतः केलं ते कृत, दुसऱ्याकडून करवलं ते कारित, आणि कुणी केलेलं पाहून "बरं झालं" म्हटलं ते अनुमोदित. बटईच्या शेतातली फवारणी आपल्यासाठी कृत नाही, पण कारित आहे, आणि माल घरात आल्यावर अनुमोदितही आहे. रोज हातातून फिरणाऱ्या मण्यांनीच हे सांगून ठेवलं आहे.

आता दुसरी बाजू. "म्हणूनच आपल्या लोकांनी शेती सोडून दुकान धरलं, शेतीत हिंसा फार," असंही काहीजणी म्हणतात. मला हे मान्य नाही. आदिनाथ भगवंतांनी लोकांना जगण्याची सहा कर्मं शिकवली, असी, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात ती आहेत, आणि त्यात कृषी तिसरी आहे. श्वेतांबर आगमांतल्या उपासकदशांगात आनंद श्रावकाची कथा आहे. महावीर स्वामींकडून व्रतं घेताना त्यानं पाचशे नांगरांच्या शेतीची मर्यादा घातली. त्यानं शेतीला मर्यादा घातली, शेती सोडली नाही. आणि आपण शेती सोडली तरी ताटातली डाळ कुणाच्या तरी शेतातूनच येणार आहे. धान्य विकत घेतल्यानं हात स्वच्छ होत नाहीत, फक्त ते शेत डोळ्यांआड जातं.

गृहस्थासाठी शास्त्रानं हिंसेचे चार प्रकार केले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. संकल्पी हिंसा, म्हणजे मारण्याच्या हेतूनं मारणं, श्रावकानं सोडायचीच. स्वयंपाकपाण्यातली आरंभी आणि पोटापाण्याच्या कामातली उद्योगी पूर्ण टळत नाही, ती जपून, कमीत कमी करायची. शेती उद्योगीत येते. पण उद्योगीचं नाव घेऊन सगळंच त्यात ढकलता येत नाही. बारा व्रतांमध्ये अनर्थदंडविरती नावाचं एक व्रत आहे, विनाकारण होणाऱ्या पापापासून दूर राहण्याचं. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या भागातल्या बऱ्याच फवारण्या उद्योगी हिंसेत बसत नाहीत, त्या सरळ अनर्थदंडात जातात. कारण त्या गरज पाहून होत नाहीत, त्या शेजाऱ्याकडे पाहून होतात.

आमच्या बटईदार काकांना मी एकदा विचारलं, "काका, अळी किती दिसली?" ते म्हणाले, "अळी कुठं मोजावी ताई, शेजारच्यानं औषध मारलं की म्या बी मारतो. न्हाई तर त्याच्या रानातलं सगळं माझ्याकडं येतं." त्यांच्या बोलण्यात भीती आहे आणि ती भीती खोटी नाही. निम्मं पीक त्यांचं आहे, वर्षाचं पोट त्यावर आहे. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण मोजायचं कसं हे त्यांना कुणी नीट दाखवलेलंच नव्हतं, आणि औषध द्यायला दुकान मात्र दारात होतं. आणि शब्दही बघा. आपण त्याला "औषध" म्हणतो. डबीवर विषाची खूण छापलेली असते.

मोजण्याची रीत कापसात अगदी स्पष्ट आहे, म्हणून आधी कापसाचं सांगते. आमच्या सासूबाईंच्या उमेदीत इकडं नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं काढलेला नांदेड-44 हा संकरित वाण घरोघरी होता. रस शोषणाऱ्या किडींना तो बऱ्यापैकी दाद देत नसे. 2002 साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, बोंडअळीचं संकट गेलं असं वाटलं आणि सगळं रान बीटीनं भरलं. पण गुलाबी बोंडअळीनं त्या विषाचीही सवय करून घेतली, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रभर कापूस आतून किडका निघाला.

या अळीची एक गोष्ट प्रत्येकीनं लक्षात ठेवावी. पतंग पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो. अळी बाहेर पडली की लगेच बोंडात शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं. त्यानंतर वरून कितीही फवारा, ते तिच्यापर्यंत पोचत नाही. मरतात ते बाहेरचे जीव: ढालकिडे, कोळी, मधमाश्या, परागावर आलेली फुलपाखरं. म्हणजे उशिरा केलेल्या फवारणीत पैसे जातात, निरपराध जीव जातात आणि ज्याच्यासाठी मारलं तो आत सुखरूप असतो. याला अनर्थदंड नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

म्हणून एकरी दोन कामगंध सापळे लावायचे आणि रोज सकाळी त्यातले पतंग मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले, तरच फवारणीचा विचार. दुसरी रीत बोंडं फोडून पाहण्याची. शेतातून फिरत वीस हिरवी बोंडं तोडायची, त्यांत दोन किडकी निघाली तर पातळी ओलांडली. त्याआधी नाही. फुलं उमलायच्या ऐवजी पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखी दिसू लागली, तर ती डोमकळी. तिच्यात अळी असते. सापळ्यातही पतंग मरतात, हे मी लपवत नाही. पण दोन सापळ्यांतले मोजके पतंग आणि अख्ख्या रानावर पसरलेलं विष, यांतला फरक कळायला पंडिताची गरज नाही.

याहून चांगला उपाय कीड होण्याच्या आधीचा आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. पावसाळ्याआधी आपण तूर-मूग उन्हात घालतो, डाळीला एरंडेल चोळतो, ज्वारीत कडुनिंबाचा पाला ठेवतो. कशासाठी? किडे झाल्यावर मारावे लागू नयेत म्हणून. ते होऊच नयेत, ही आपली शिकवण. शेताला हीच शिकवण लावली की पहिला नियम निघतो: फरदड घ्यायची नाही. डिसेंबरनंतर पाणी देऊन आणखी दोन वेचण्यांच्या लोभानं कापूस उभा ठेवला, तर अळीला उन्हाळ्यापर्यंत खाणं मिळतं आणि ती पुढच्या हंगामाला दुपटीनं हजर होते. वेळेत पऱ्हाटी काढली, शेळ्या-मेंढ्या सोडून उरलीसुरली बोंडं चारून घेतली, पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचून ठेवले नाहीत, की साखळी तुटते. फरदडीच्या दोन क्विंटलांचा मोह म्हणजे लोभ कषाय. त्याची फेड पुढच्या भाद्रपदात पंपानं होते.

तूर आणि हरभऱ्यात घाटेअळी येते. तिथं पक्षी थांबे लावावेत. हरभरा किंवा तूर पेरताना बियाण्यात थोडे ज्वारीचे दाणे मिसळले तर ताटं उंच वाढतात आणि त्यावर साळुंख्या, कोतवाल येऊन बसतात. आमच्या जाऊबाईंनी यावर विचारलं, "मग पक्ष्यांकडून मारवणं हे कारित नाही का?" प्रश्न चांगला आहे. माझं उत्तर असं: पक्षी अळी खातो तो त्याचा स्वभाव आहे, आपण ताट उभं केलं नसतं तरी त्यानं खाल्लीच असती, आणि तो भुकेपुरतीच खातो. विष भूक पाहत नाही. तरीही यात आपला वाटा शून्य आहे असं मी म्हणणार नाही. गृहस्थाचा धर्म शून्यापर्यंत जात नाही, तो कमी करत करत जातो.

मधमाशीचं मात्र मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मद्य, मांस, मधु यांचा त्याग आपण लहानपणापासून करतो. मधाचा थेंब जिभेला लागू देत नाही, कारण त्यात माश्यांचा घात आहे. आणि फुलोऱ्यात आलेल्या तुरीवर, माश्या गुणगुणत असताना सकाळी दहा वाजता औषध मारलं जातं. तत्त्वार्थसूत्रातल्या क्रमानं अळीला दोन इंद्रियं, मुंगीला तीन, भुंगा-मधमाशीला चार. चार इंद्रियांचा जीव, जो पिकाला काहीच त्रास देत नाही, उलट फळधारणा करून देतो, तो आपल्या दोन इंद्रियांच्या शत्रूबरोबर मरतो. फवारणी करावीच लागली तर सूर्य कलल्यावर, माश्या परतल्यावर करावी. एवढा एक नियम घेतला तरी मध सोडल्याचा अर्थ पुरा होईल.

सगळ्याच प्रश्नांना सोपी उत्तरं आहेत असं मात्र नाही. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन रातोरात खाल्लं, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. शंख हे तर शास्त्रात द्वींद्रिय जीवाचं नेहमीचं उदाहरण. गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका, हा तिथला सल्ला होता. तो वाचतानाच आपला जीव कासावीस होतो. उपाय पुन्हा आधीचेच: बांध स्वच्छ ठेवणं, दिवसा लपायला दगड-गवताचे ढीग न ठेवणं, बांधाकडेनं चुन्याचा पट्टा ओढणं. पण एकदा शेत भरलं की यातलं काहीच पुरत नाही. ज्याचं रान एका रात्रीत बोडकं झालं, त्याला मी घरात बसून उपदेश करणार नाही. तिथं उद्योगी हिंसा खरोखर उद्योगी आहे. म्हणूनच तर जिथं टाळता येते तिथं ती टाळलीच पाहिजे, असं मला वाटतं.

आता पंचेंद्रिय जीवाकडं येऊ, म्हणजे पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाकडं. 2017 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी कापूस माणसाच्या उंचीचा झाला होता, दमट हवा होती, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती, आणि अंगावर साधा बनियन. अळीची दया करणारं आपलं मन या माणसाच्या बाबतीत किती जागं असतं? त्याचे विषानं भिजलेले कपडे संध्याकाळी त्याची बायको घरातल्या कपड्यांबरोबर हातानं धुते. ती बाई आपल्यासारखीच गृहिणी आहे. हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा यांचा खर्च औषधाच्या बिलासारखा निम्मा-निम्मा न करता पूर्ण मालकानं करावा, हे माझं ठाम मत आहे.

दोन शब्द दुकानांबद्दल. आपल्या समाजात कृषी सेवा केंद्र चालवणारी घरं आहेत. त्यातल्या काही माझ्या नात्यातल्याच आहेत, त्यांना हे आवडणार नाही. श्वेतांबर परंपरेत श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांत विषवाणिज्य आहे, आणि दिगंबर परंपरेत रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचा एक प्रकार म्हणून हिंसादान आहे, म्हणजे दुसऱ्याच्या हाती हिंसेचं साधन देणं. दुकान उद्या बंद करा असं मी म्हणत नाही. पण शेतकरी किडकं पान घेऊन आला की एकाच्या जागी तीन बाटल्या आणि वर एक टॉनिक देणं, हे तरी बंद होऊ शकतं ना? सापळे, निंबोळी अर्क, जैविक औषधं पुढच्या फळीवर येऊ शकतात. "अजून पातळी ओलांडली नाही, आठ दिवस थांबा," असं सांगणारा दुकानदार आपल्या समाजातला असावा, असं मला वाटतं. त्याच्या दुकानात गर्दी कमी होणार नाही, वाढेल.

उलट टोकालाही जाऊ नये. महाराजांचं प्रवचन ऐकून आल्यावर "यंदा आपल्या शेतात एकही फवारणी नको" असं बटईदाराला फर्मावणं सोपं आहे. पण निम्मं पीक त्याचं आहे. नियम आपला आणि तोटा त्याचा, असा धर्म नको. फवारणी पूर्ण बंद करायचीच असेल तर तेवढ्या तुकड्यातलं नुकसान आपण सोसायचं, हे आधी बोलून घ्यावं. त्याच्या पोटावर आपलं पुण्य उभं राहणार नाही.

आमच्या घरात तीन वर्षांपासून जे ठरलं आहे ते सांगते. तुमच्या शेताप्रमाणे त्यात बदल करा.

1. शेताची एक वही घरात बाईच्या हाती असते. सापळ्यातले पतंग, फोडलेली बोंडं आणि प्रत्येक फवारणी तारखेसह तिच्यात येते. काका फोनवर आकडा सांगतात, मी लिहिते.

2. आकडा पातळीवर आल्याशिवाय औषधाचे पैसे द्यायचे नाहीत. शंका आली तर परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी पाहायच्या, किंवा सगरोळी-पोखर्णीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारायचं. दुकानात विचारायचं ते शेवटी.

3. पहिली फवारणी निंबोळी अर्काची. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी कापडातून गाळून, थोडा साबणाचा चुरा घालून शंभर लिटर पाणी करायचं. यानं अळीची भूक आणि पतंगाचं अंडी घालणं मंदावतं. गाळायचं काम तर आपल्याला कुणी शिकवायला नको. निंबोळ्या जून-जुलैत वेचून वाळवून ठेवाव्या लागतात.

4. दोन औषधं एकत्र मिसळायची नाहीत. डबीवरचा त्रिकोण पाहायचा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल घरात आणायचा नाही.

5. फवारणी दुपारनंतर, वाऱ्याच्या दिशेनं, उपाशीपोटी नाही. कुणाला मळमळ, घाम, अंधारी आली तर लगेच दवाखाना, आणि डबी सोबत न्यायची, म्हणजे डॉक्टरांना विष कोणतं ते कळतं.

6. जानेवारीत रान मोकळं. फरदड नाही.

हे सगळं केल्यानं आमच्या फवारण्या संपल्या नाहीत. कमी झाल्या. औषधाचं बिलही कमी झालं, आणि ते काकांना माझ्या धर्मचर्चेपेक्षा लवकर पटलं, हे कबूल केलं पाहिजे. 2025-26 ला सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये जाहीर होता आणि बाजारात माल त्याच्या खाली जात होता. अशा दिवसांत वाचलेली एक फवारणी म्हणजे घरात आलेला पैसाच. धर्म आणि व्यवहार इथं एकाच बाजूला उभे आहेत, हे आपलं भाग्य समजायचं.

पुरुष म्हणतात, शेतीतलं बायकांना काय कळतं. पतंग मोजणं आणि तांदूळ निवडणं यांत नजरेचा फारसा फरक नाही. धान्यातला किडा आपल्या नजरेतून कधी सुटला आहे का? येत्या दशलक्षणात उत्तम संयमाच्या दिवशी एखादा पदार्थ सोडण्याबरोबर एक काम करा. शेताचं या वर्षीचं औषधाचं बिल मागून घ्या आणि प्रत्येक बाटलीपुढं एकच प्रश्न विचारा, ही मोजून मारली की बघून? मग क्षमावाणीच्या दिवशी सर्व जीवांची क्षमा मागताना त्यांत कोण कोण येतं, ते आपल्याला नीट ठाऊक असेल.